ताणावरची बाग आन आडवी बाटली

मागच्या दिवाळीला पोरगी नाशिकहून आली ती रातच्या अमरावती एक्सप्रेसनं, तिथून मोर्शीमार्गे वरूडची एस्टी, अन् वरूडला मी मोटरसायकल घेऊन उभा तर बॅग काही हातात देईना. म्हटलं दे ना, टाकीवर ठेवतो, तर म्हणे नको बाबा, फुटेल. घरी येऊन बॅग उघडली तर दोन स्वेटरच्या मधात बाळ गुंडाळावं तशी गुंडाळलेली एक बाटली. रेड वाइन, शिराझ नावाच्या द्राक्षाची. ती जिथं नोकरी करते त्या वायनरीची, आणि त्यातही म्हणे ज्या टाकीवर तिनं स्वतः रात्री जागवल्या त्या टाकीतली.

पहिली सूचना आल्या आल्या मिळाली. "बाबा, ही उभी नाही ठेवायची, आडवी ठेवायची. बूच ओलं राहिलं पाहिजे, सुकलं की आकसतं, मग हवा आत जाते अन् वाइन बिघडते."

ओसरीतून मायचा आवाज आला, "आडवी? मंग ठेव बापा."

आता हे बाहेरच्याला कळायचं नाही. आमच्याकडं दारूचं दुकान बंद करायचं तर बायकांचं मतदान होतं, चिठ्ठीवर दोन चित्रं, उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या आणि आडवी म्हणजे बंद करा. नुसतं आलेल्या मतांत जास्त पडून भागत नाही, यादीतल्या एकूण बायकांपैकी निम्म्याहून जास्तींनी आडवीवर शिक्का मारावा लागतो, म्हणजे जी घरी बसली तिचं मतही उभीलाच गेल्यासारखं. आमच्या गावात हे मतदान झालं तेव्हा मायनं सकाळी सात वाजता जाऊन आडवीवर शिक्का मारला होता आणि मग दिवसभर घरोघरी फिरून बाकीच्या बायकांना उठवत होती. कारण आमचे मोठेबाबा. माणूस लय देव होता, संत्र्याचं कलम त्यांनी बांधलं की वाया जायचं नाही, पण संध्याकाळी सहानंतर त्यांचं त्यांना काही कळत नव्हतं. नदीकाठचा तीन एकराचा तुकडा त्यातच गेला. जास्त लिहीत नाही, ज्यांच्या घरात असं झालंय त्यांना माहीत आहे आणि ज्यांच्या नाही झालं त्यांनी सुखात राहावं.

तर बाटली गोदरेजच्या कपाटावर, लग्नातल्या पितळी परातीच्या मागं, आडवी. अडीच महिने.

पोरगीनं फूड टेक्नॉलॉजी केलं तेव्हा मला वाटलं होतं संत्र्याच्या ज्यूसच्या कुठल्या तरी कारखान्यात लागेल, इकडंच कुठंतरी. वरूड-मोर्शीला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, म्हणतात म्हणजे भाषणात म्हणतात, प्रत्यक्षात बोअर खोल खोल जाऊन राहिले अन् संत्रा ट्रकात भरून बाहेर जाऊन राहिला. नोकरी लागली ती थेट दिंडोरीकडं, एका घरच्या वायनरीत. गावात पानठेल्यावर लगेच झालं, पोट्टी दारूच्या फॅक्टरीत लागली. एकानं तर मला विचारलं, काका तिकडं संत्र्याची बनवते का द्राक्षाची? आता आमच्याकडं 'संत्रा' म्हटलं की अर्ध्या गावाला झाड आठवतं आणि अर्ध्या गावाला देशीचा क्वार्टर, त्या नावाची देशी मिळते म्हणून. आमच्या संत्र्याला भाव नसला तरी त्या संत्र्याचा भाव कधी पडल्याचं मी ऐकलं नाही. हे मी हसून सांगतो पण मला त्याचं फार हसू येत नाही.

मागच्या फेब्रुवारीत आम्ही दोघं नवराबायको तिच्याकडं गेलो होतो. मायला सांगितलं त्र्यंबकेश्वरला जातो, आणि गेलोही, खोटं नाही.

वायनरी म्हणजे माझ्या डोक्यात काहीतरी पिक्चरमधलं होतं, दगडी वाडा वगैरे. होती ती पत्र्याची शेड, आपल्या जिनिंगला असते तशी, आत स्टीलच्या टाक्या, एका कोपऱ्यात लाकडी पिंपं, आणि बाहेर ट्रॅक्टर आणि क्रेटच्या थप्प्या. घरची माणसं चार. म्हातारे आप्पा, मोठा मुलगा बाग बघतो, लहाना विक्री बघतो आणि मोठी सून हिशेब बघते, पण मला आपलं दिसलं ते असं की शेवटी सगळे सूनबाईलाच विचारतात. आप्पा आधी खायची द्राक्षं करायचे, एक्स्पोर्टची. मग एका कंपनीनं करार करून वाइनची द्राक्षं लावायला लावली, पाच-सहा वर्षं माल उचलला, आणि २००९ च्या सुमारास मंदी आली तशी कंपनीनं माल उचलायचं बंद केलं, आधीचे पैसेही अडकले. आजूबाजूच्या लोकांनी वेली उपटून टाकल्या. आप्पा म्हणाले, "मी पण कुऱ्हाड घेऊन गेलतो. पण खोड असं मनगटावानी झालं होतं, हात नाही उचलला. मग म्हटलं आपणच करू दारू."

ते सरळ दारू म्हणतात. पोरगी वाइन म्हणते, लहाना मुलगा पाहुण्यांसमोर 'प्रॉडक्ट' म्हणतो. मला आप्पांचं बरं वाटलं.

तोडणी चालू होती. पहाटे चारला, डोक्याला बॅटऱ्या लावून, कारण ऊन लागायच्या आत गार माल शेडमध्ये आला पाहिजे. घड हातात घेतला तर मला वाटलं हे काय, जंगली द्राक्षं का? मणी करवंदाएवढे, आत बिया, साल जाड. खायच्या द्राक्षाला जिबरेलिक ऍसिडच्या पाण्यात घड बुडवून मणी फुगवतात, विरळणी करतात, इथं त्यातलं फुगवायचं काम काहीच नाही, उलट मणी लहान राहावा म्हणूनच सगळी धडपड. तोंडात टाकला तर आधी इतका गोड की दात शिवशिवले आणि मग साल चावली तशी जीभ एकदम कोरडी, कच्चं टेंभूर्ण खाल्ल्यावर होते तशी. पोरगी काचेची नळी डोळ्याला लावून साखर मोजत होती, ब्रिक्स म्हणतात, चोवीसच्या वर गेली होती. खायची द्राक्षं साधारण अठराला तोडतात. साखर जेवढी तेवढी पुढं दारू, मोटा हिशेब असा की ब्रिक्सच्या आकड्याच्या निम्म्याहून थोडं जास्त टक्के अल्कोहोल, चोवीस-पंचवीस म्हणजे चौदाच्या आसपास. खमीर साखर खातं, अल्कोहोल सोडतं आणि गॅस सोडतं, संपलं.

मला जे नव्हतं माहीत ते हे की काळ्या द्राक्षाचा रसही पांढुरकाच असतो. मी मणी पिळून बघितला, खरंच, लिंबाच्या सरबतासारखा. रंग सगळा सालीत. म्हणून रेड वाइन करताना रस सालीबियांसकट टाकीत आंबवतात, आणि गॅस सुटला की साली वर येऊन जाड थर धरतात, हातभर जाड, त्याला हे लोक टोपी म्हणतात. ती टोपी दिवसातून दोन-तीनदा खाली दाबायची, नाहीतर वर सुकते, बुरशी धरते, आणि रंग खाली उतरत नाही. पोरगी शिडीवर चढून लांब दांड्यानं दाबत होती, कोपरापर्यंत हात जांभळे, नखांत जांभळं, आणि टोपी फुटली की खालून असा फसफसून वाफारा यायचा, गूळ शिजताना येतो तसा पण आंबट, नाकात चढणारा. शेजारी पोरगं उभं केलेलं, एकट्यानं वर चढायचं नाही असा नियम, कारण त्या गॅसनं माणूस टाकीत पडून मरतो. ते ऐकलं आणि मी खाली उभ्या उभ्या तिची शिडी धरून ठेवली, अर्धा तास, आप्पा हसत होते.

तिची आई काही बोलली नाही. रात्री फक्त म्हणाली, "घरी भांडे घासत नव्हती ही."

दुसऱ्या दिवशी दुपारी आप्पांनी मला बागेत नेलं. त्यांना संत्र्याचं ऐकायचं होतं, मला द्राक्षाचं. त्यांच्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी, तेव्हा काडी तयार करायची, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, तेव्हा फळ घ्यायचं. फ्रान्समध्ये एकच छाटणी, कारण थंडीत वेल झोपतो. "आमचा वेल झोपतच नाही," आप्पा म्हणाले, "शिफ्टवर आहे." मग ते पाण्यावर आले. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे मणी नरम पडून रंगायला लागला, की त्यानंतर पाणी तोडत आणायचं. पूर्ण बंद नाही करायचं, तहान लागलेली ठेवायची. मग मणी फुगत नाही, लहान राहतो, आणि लहान मण्यात रसाच्या मानानं साल जास्त, आणि सालीतच रंग, सालीतच तुरटपणा. त्यात घडही कमी ठेवायचे, खायच्या द्राक्षाला एकरी दहा-बारा टन काढणारा माणूस इथं चार-पाच टनांवर थांबतो. दणकट वाइन पाहिजे तर वेलाला सुखात ठेवून जमत नाही, असं ते म्हणाले.

मी म्हटलं, "म्हणजे ताण देता."

"ताणच की."

आता माझा आवाज चढला, कारण हे तर आमचं शास्त्र. संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याच्या आधीचा फुलोरा, धरायचा तर डिसेंबरात पाणी बंद, बागेला ताणावर सोडायचं. हलक्या जमिनीत महिनाभरात ताण बसतो, भारी काळ्या जमिनीत पंचेचाळीस दिवस, कधी दोन महिने, कारण काळी माती आतल्या आत ओल धरून ठेवते अन् झाड खुशाल राहते. पान पिवळसर पडतं, होडीसारखं मुडपतं, थोडं गळतं. झाडाला वाटतं आता आपलं काही खरं नाही, ते फुलोऱ्याची तयारी करतं. मग हलकं पाणी देऊन ताण तोडायचा, आणि पंधरा-वीस दिवसांत नवती, म्हणजे कोवळी पालवी, आणि फूल सोबत फुटतं, बाग अशी घमघमते की रस्त्यानं जाणारा मोटरसायकल हळू करतो. पण ताण कमी बसला तर नुसती पानं फुटतात, फूल नाही. आणि जास्त झाला तर फांद्या वाळतात, त्या सलीतून रोग शिरतो, झाड पुढची दोन वर्षं उभारी धरत नाही. मधातच डिसेंबरचा अवकाळी पाऊस पडला तर ताण फुकट तुटला, सगळं गणित गेलं, आणि त्याला काही इलाज नाही.

आप्पांनी एकच प्रश्न विचारला, "तोडायचा कधी ते कसं ठरवता?"

खरं सांगायचं तर तारखेवर कोणी नाही ठरवत. दुपारी पान मुडपतंच, उन्हानं. संध्याकाळी ते परत उघडतं. जेव्हा सकाळीही उघडत नाही, पहाटेच्या गारव्यातही मुडपलेलंच दिसतं, तेव्हा झाड सांगत असतं की आता बस. मोठेबाबा पहाटे अंधारात जाऊन पानं हातानं चाचपायचे, बघायचे नाहीत, चाचपायचे. ते शिकवणं त्यांचं. हे मी आप्पांना सांगितलं आणि ते थोडा वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी एक शिराझचं पान तोडून माझ्या हातात दिलं, डोळे मिटून बघा म्हणाले. पान गरम होतं. पाणी असलेलं पान उन्हातही गार लागतं, तहानेलं पान गरम लागतं, इतकाच फरक. त्यांचीही तीच रीत, यंत्र घेतलंय, पण सूनबाई वापरते, ते हातच लावतात.

या शिराझबद्दल पोरगीनं मला रात्री भरपूर सांगितलं, त्यातलं आवडलं ते लिहितो. नाव इराणातल्या शिराझ शहराचं, आणि लोक शेकडो वर्षं समजत होते की हा वेल तिथून आला. १९९८ मध्ये डीएनए तपासलं तर निघालं की आईबाप दोन्ही दक्षिण-पूर्व फ्रान्समधल्या जाती, घरचाच पोरगा, नाव फक्त परदेशी. फ्रान्समध्ये त्याला सिरा म्हणतात आणि ऱ्होन नदीकाठी एर्मिताज नावाची एक टेकडी आहे तिथला नावाजलेला. तिथं शाव्ह म्हणून एक घराणं १४८१ पासून बापाकडून पोराकडं द्राक्षं करत आलंय. चौदाशे एक्क्याऐंशी! आमच्या सातबाऱ्यावर तीन पिढ्यांत चौदा नावं चढली, धुरा, म्हणजे बांध, कोणाचा यावरून दोन केसेस. मी म्हटलं तिकडं भाऊ भाऊ भांडत नसतील, तर पोरगी म्हणे तसं काही नाही बाबा, बर्गंडीत क्लो द वूजो नावाची भिंतीच्या आतली एकच बाग आहे, पन्नास हेक्टरची, तिचे मालक ऐंशीच्या आसपास, कोणाकोणाकडं चार-दोन ओळी. हे ऐकून मला जे समाधान झालं ते सांगण्यासारखं नाही.

१८३२ मध्ये जेम्स बझ्बी नावाच्या माणसानं युरोपातून शेकडो जातींच्या काड्या ऑस्ट्रेलियाला नेल्या, त्यात हाही होता. तिकडच्या बरोसा खोऱ्यात १८४० च्या दशकात लावलेल्या शिराझच्या वेली अजून फळ देतात. युरोपातल्या जुन्या बागा मुळांवरच्या किडीनं खाल्ल्या, फायलोक्सेरा, पण तिथं ती कीड पोचली नाही म्हणून त्या वाचल्या. आमच्या संत्र्याचं झाड पंचवीस-तीस वर्षं गेलं तरी आम्ही त्याला नारळ फोडतो.

आता बाटली उघडल्याचं सांगतो.

जानेवारीत संक्रांतीला पोरगी आली. बाग ताणावर होती, चाळीस दिवस झाले होते, मी रोज पहाटे पानं चाचपत होतो. घरात मटण होतं. पोरगी म्हणाली बाबा आज उघडू. बूच काढायचा स्क्रू घरात कुठून असणार, मग मी लाकडाचा दोन इंची स्क्रू पेचकसानं बुचात फिरवला, अर्धा इंच बाहेर ठेवला, पक्कडीनं धरला, बाटली पायात दाबली आणि ओढलं. पहिल्या खेपेला बुचाचा तुकडा घेऊन स्क्रूच बाहेर आला. दुसऱ्या खेपेला तिरका घातला, तेव्हा पॉक करून निघालं. बुचाचं आतलं टोक जांभळंगर्द, वरचा भाग कोरडा. ग्लास स्टीलचे. पोरगीनं कपाळावर हात मारला आणि पाहुण्यांसाठीचे काचेचे चहाचे ग्लास काढले.

रंग म्हणजे जांभळाचा रस. ग्लासातून पलीकडचं बोट दिसत नव्हतं. ती म्हणाली आधी वास घ्या, मिऱ्याचा वास येतो, शिराझची तीच खूण. मी घेतला. मला काही मिरेबिरे आले नाही. आलूबुखारा म्हण, जुन्या लाकडी पेटीचा वास म्हण, पण मिरे नाही. बायकोनं ग्लास नाकाशी नेला आणि लगेच म्हणाली, "हो ना, काळे मिरे. कुटलेले." मी परत घेतला. नाही. मग पोरगीनं सांगितलं की २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेनं शोधून काढलं, रोटंडोन नावाचं एक द्रव्य आहे, काळ्या मिऱ्यात आणि शिराझमध्ये तेच, आणि साधारण पाचातल्या एका माणसाला त्याचा वास येतच नाही, कितीही घालून द्या. म्हणजे तो पाचवा मी. पन्नास वर्षं मी सावजी रस्सा खाऊन त्याच्या मसाल्यावर मत देत आलो, माणसांना सांगत आलो की कुठं मिरे जास्त झालेत, आणि मला त्यातलं अर्धं येतच नव्हतं.

तेवढ्यात माय आत आली. सगळे चूप. तिनं बाटलीकडं पाहिलं, उभी होती. पोरगीनं काय केलं, ग्लास तिच्या पुढं धरला, "आजी, पिऊ नको, निस्ता वास घे. कायचा येते सांग."

मायनं डोळे बारीक केले, नाक पुढं केलं, वयाच्या एक्क्याऐंशीव्या वर्षी.

"मिरे," म्हणाली. आणि मग ग्लास ढकलून दिला, "अन् दारू."

आणि जाऊन ओसरीत बसली, पण दार नाही लावलं.

पहिला घोट घेतला. गोड नाही, अजिबात नाही, बाहेरच्याला वाइन म्हणजे सरबत वाटतं. जांभूळ, मग काहीतरी धुरकट, आणि मग तो तुरटपणा, हिरड्यांवर मखमलीचं उलटं कापड घासल्यासारखा. तुरट का लागतं तर टॅनिन लाळेतल्या प्रोटीनला जाऊन चिकटतं, लाळेचं गुळगुळीतपण जातं, जीभ टाळूला घासते. सुपारीचं तेच, बाभळीच्या शेंगेचं तेच. आणि मग मी, शहाणा, वरून सावजी रश्शाचा घास घेतला. देवा. तिखटावर ही वाइन म्हणजे जाळावर रॉकेल, अल्कोहोलनं तिखट पेटतं आणि टॅनिननं ते तोंडात घासून बसतं, डोळ्यातून पाणी, कानातून वाफ. बायको हसून हसून खाली बसली. मग पोरगीनं एक चरबीचा तुकडा घेतला, त्यावरचा रस्सा भाकरीनं पुसून काढला, मीठ लावलं, म्हणाली आता खा आणि वर घोट घ्या. आता तुरटपणा चरबीत विरघळला आणि जांभूळ पुढं आलं. चांगलं होतं. लय चांगलं होतं. दुसरा ग्लास मी भाजलेल्या वांग्यासोबत घेतला, त्या धुरकटपणाशी तिची सोयरिक जुळली.

तिसरा मात्र नाही घेतला, आणि त्याचं कारण पोरगीचंच. २०२२ च्या जानेवारीत सरकारनं सुपरमार्केटात वाइन विकू द्यायचं ठरवलं होतं, मग विरोध झाला, ते काही अमलात आलं नाही, पण तेव्हा पानठेल्यावर एकच गाजलं होतं, वाइन म्हणजे दारू नव्हेच. मी ते बोललो. पोरगीनं कॅलेंडरच्या मागं हिशेब मांडला. बाटली ७५० मिली, १४ टक्के, म्हणजे शुद्ध अल्कोहोल १०५ मिली. व्हिस्कीचा क्वार्टर १८० मिली, ४२.८ टक्के, म्हणजे ७७. "एकट्यानं ही बाटली संपवली तर क्वार्टरपेक्षा जास्त झाली, बाबा. भाव वेगळा, लेबल वेगळं, आत तेच." ती तिथं नोकरी करते आणि तिनं हे सांगितलं, मला त्याचा अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली की हे मालकासमोर बोलते का काय. आप्पांना आवडेल म्हणा. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात म्हणून ती दारू नाही असं म्हणायला मी काही तयार नाही, मोठेबाबांनी कलमं बांधली तेव्हाही शेतकऱ्यालाच पैसे मिळत होते.

तिला एक बाटली आत्याकडंही न्यायची होती. आत्या नदीपलीकडं, आष्टी तालुक्यात, म्हणजे वर्धा जिल्हा. गांधीजींचं सेवाग्राम त्या जिल्ह्यात म्हणून तिथं पन्नासेक वर्षांपासून दारूबंदी. पूल ओलांडला की तीच बाटली गुन्हा. मी म्हटलं आत्याला चिवडा ने. (बंदीतही तिकडं काय काय मिळतं ते मला जावई सांगतो, पण ते जावयाचं तो पाहील.)

पोरगी गेली त्याच्या दुसऱ्या पहाटे मी बागेत गेलो. त्रेचाळिसावा दिवस. धुकं नव्हतं, गारठा होता. दक्षिणेकडच्या ओळीत, जिथं मुरूम वर आलाय, पानं मुडपलेली. मधल्या काळ्या पट्ट्यात अजून उघडी. हा दरवर्षीचा घोळ, एकाच बागेत दोन जमिनी, एकीचा ताण बसला तेव्हा दुसरी आरामात. आप्पांनी सांगितलं होतं ते आठवलं, त्यांनी हलक्या आणि भारी जमिनीच्या ओळींचं ड्रिप वेगळं केलंय, वेगळे व्हॉल्व्ह, तोडणी वेगळी, टाकीही वेगळी. माझ्या बाटलीतली वाइन त्या मुरमाड ओळींची होती. मी यंदा एकच केलं, उपलेटरल, म्हणजे ओळींतल्या ड्रिपच्या नळ्या, बंद करायला दोन कॉक आणले, दीडशेचे, आणि मुरमाच्या सहा ओळींना त्या रात्री पाणी सोडलं. थ्री फेज रात्री बाराला येते, कांबळं घेऊन गेलो. ड्रिपरमधून थेंब पडायला लागले आणि कोरड्या मातीचा जो वास उठला तो मला आला, चांगला भरपूर आला, तेवढं नाक आहे अजून. काळ्या पट्ट्याला आणखी अकरा दिवस ठेवलं. पोरगीला फोनवर सांगितलं तर म्हणे बाबा आता लेबल छापा.

मुरमाच्या ओळी फुलल्या, दाट. काळ्यात मधात दोन दिवस ढग आले आणि निम्मीच झाडं फुटली, निम्म्यांनी नुसती पानं काढली. असो.

बाटलीत चार बोटं वाइन उरली होती ती आठवड्यात आंबट झाली, बायकोनं त्यात कांदे बुडवून ठेवले. रिकामी बाटली मी भंगारात टाकणार होतो तर मायनं घेतली. गरम पाण्यानं, राखेनं, तीनदा धुतली, उन्हात पालथी घातली, आणि घाणीवरचं जवसाचं तेल भरून चुलीजवळच्या फळीवर ठेवली. उभी. वरून बूच तेच, माझ्या स्क्रूनं फाडलेलं, उलटं करून लावलेलं, जांभळं टोक वर.